टाकाऊतून तिरकमठा

दसरा जवळ आला की गल्लीत पोरांच्या हाती धनुष्ये दिसू लागतात. कुणी खराट्याच्या काड्या ओढून काढतो. कुणी भंगारातून पांढरी नळी उचलून आणतो. नळीला सुतळी बांधली की झाले धनुष्य! दोन दिवस खेळ रंगतो. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी डोळ्याजवळ काडी लागते. मग आई रागावते, आजी बोल लावते आणि धनुष्य मोडून फेकले जाते.

आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. धनुष्य मोडू नका. ते नीट करायला शिका आणि मुलांना शिकवा. घरातल्या नि बाजारातल्या टाकाऊ वस्तूंतून तिरंदाजीचे बरेचसे सामान तयार होते. पण सगळेच टाकाऊ कामाचे नसते. कोणते घ्यावे आणि कोणते मुळीच घेऊ नये, हे ज्याला कळले त्याला ही विद्या अर्धी आली. तेच आज आपण पाहू.

ही विद्या आपलीच

पनवेल, उरण, कर्जत या भागांत कातकरी आणि ठाकूर बांधवांच्या वाड्या आहेत. तिरकमठा त्यांना नवा नाही. बापाने करावा, मुलाने बघून शिकावा, अशी ही विद्या चालत आली. तिकडे धुळे-नंदुरबारकडे भिल्ल बांधवांचा तिरकमठा प्रसिद्ध आहे. त्यांच्या धनुष्याची दोरीसुद्धा पुष्कळदा बांबूच्या चिवट पट्टीचीच असते. म्हणजे काठीही बांबूची आणि दोरीही बांबूची!

आज हीच विद्या खेळाच्या मैदानावर मानाने उभी आहे. राजस्थानातला लिंबाराम हा आदिवासी मुलगा बांबूच्या धनुष्यावर हात बसवून मोठा झाला. तो १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत देशासाठी उतरला. झारखंडच्या दीपिकाकुमारीनेही लहानपणी बांबूच्याच तिरकमठ्यावर सराव केला. तिचे वडील रिक्षा चालवीत. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने सोन्याचे पदक मिळवले.

आपल्या महाराष्ट्रातही उदाहरणे आहेत. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा. तो २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये खेळला. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे २०२३ साली बर्लिन शहरात एकाच दिवशी जगज्जेते झाले.

या मोठ्या स्पर्धांची धनुष्ये फार महाग असतात. काही तर लाखाच्या घरात जातात. म्हणून गरिबाने मागे राहावे काय? नाही. आपल्या देशात बांबूच्या धनुष्याच्याही स्पर्धा होतात. त्यांत मोठ्यांसाठी ३० मीटर आणि ५० मीटरवर निशाण लावतात. घरचे धनुष्य हे स्पर्धेचे धनुष्य नव्हे. पण उभे कसे राहावे, दोरी कशी ओढावी, मन कसे स्थिर ठेवावे, हे त्यावर शिकता येते. शिकलेला हात पुढे कुठलेही धनुष्य धरतो.

धनुष्य म्हणजे साठवलेली ताकद

आधी एक गोष्ट समजून घेऊ. धनुष्य ओढताना आपण दंडाची ताकद लावतो. ती ताकद वाकलेल्या काठीत साठून राहते. दोरी सोडली की काठी सरळ होऊ पाहते आणि साठलेली ताकद बाणाला देऊन टाकते. बाण पळतो तो त्या ताकदीवर.

आता सांगा, दोरीवर बाणच नसला तर? ताकद जाणार कुठे? ती धनुष्यातच राहते आणि धनुष्य फोडते. म्हणून बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही. हा पहिला नियम.

वाकलेल्या काठीला दोन बाजू असतात. निशाणाकडची बाजू ताणली जाते. आपल्या तोंडाकडची बाजू दाबली जाते. ताण सोसण्याचे बळ बांबूच्या सालीत जास्त असते. म्हणून साल नेहमी निशाणाकडे ठेवायची. ती तासायची नाही. पुष्कळ जण नेमके उलटे करतात आणि मग ‘बांबू वाईट होता’ म्हणतात.

आधी जागा, मग निशाण

धनुष्य सगळ्यांत शेवटी करायचे. आधी जागा बघायची.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि आपल्या गावांभोवती नवे शहर उभे राहिले. दिवाळे असो, करावे असो, घणसोली असो, गावठाणात आता घराला घर लागून आहे. गल्लीत माणसांची ये-जा असते. अशा ठिकाणी बाण मारायचा नाही. परवानगी घेऊन शाळेच्या मैदानाचा कोपरा मिळवा. मागे मातीचा उंच ढीग किंवा उंच भिंत हवी. त्या बाजूला वाट, दार, खिडकी नको. सुरुवातीला दहा पावलांचे अंतर पुरे.

निशाण पुठ्ठ्याचे करावे. वाशीच्या घाऊक बाजाराच्या आसपास पुठ्ठ्याची रिकामी खोकी भरपूर मिळतात. खोकी उलगडा. हातभर लांब नि वीतभर रुंद अशा पट्ट्या कापा. पट्ट्या एकावर एक रचा. कमरेइतकी चळत होऊ द्या. खाली एक फळी, वर एक फळी ठेवून दोराने करकचून आवळा. आता बाण पट्ट्यांच्या मधल्या फटींत शिरेल आणि अडकून राहील. पुठ्ठा सैल झाला की दोर पुन्हा आवळायचा.

दुसरा प्रकार गोणपाटाचा. गोणीत जुने कपडे आणि प्लास्टिकच्या पिशव्या ठासून भराव्या. कपड्यांची बटणे, हूक, चेन आधी काढून टाका. त्यांवर बाण आपटला तर उलट येतो.

निशाणाच्या मागे, भिंतीपासून हातभर अंतर सोडून, एक जाड जुनी गोधडी सैल टांगा. चुकलेला बाण तिच्यावर आदळला की गोधडी मागे झुलते आणि बाणाचा जोर मरतो. ताणून बांधलेली गोधडी तेवढे काम करीत नाही.

टायर, लाकडी फळी, पत्रा यांचे निशाण कधीही करू नये. बाण टप्पा घेऊन मारणाऱ्याच्याच अंगावर येतो.

बाण

धनुष्यापेक्षा बाण करणे अवघड आहे. धनुष्य थोडे वाकडे चालेल, बाण वाकडा चालत नाही.

बाणासाठी बांबूची सुकी, सरळ, करंगळीहून बारीक काठी घ्या. सगळे बाण सारख्या जाडीचे आणि सारख्या वजनाचे हवेत. एक हलका, एक जड असला तर एक वर जाईल, एक खाली जाईल. मग चूक हाताची की बाणाची, ते कळणार नाही. खराट्याची काडी फार हलकी असते. ती या धनुष्यावर लावू नका. ती लावणे म्हणजे जवळजवळ रिकामी दोरी सोडण्यासारखेच आहे.

बाणाची लांबी कशी ठरवायची? काठीचे एक टोक गळ्याच्या खालच्या खळगीला लावा. दोन्ही तळहातांत काठी धरून हात समोर लांब करा. बोटांची टोके जिथे पोचतील, त्याच्या पुढे दोन इंच सोडून कापा. बाण आखूड झाला तर ओढताना त्याचे टोक धनुष्याच्या आत येते आणि सोडताना हातात घुसते. मुलगा वाढला की बाण पुन्हा मोजायचे.

बाणाच्या मागच्या टोकाला दोरी बसेल एवढी खाच करा. खाचेच्या जरा पुढे दोरा घट्ट गुंडाळून त्यावर फेविकॉल लावा, म्हणजे काठी चिरणार नाही. मग तीन पिसे सारख्या अंतरावर चिकटवा. पिसांमुळे बाणाची शेपटी मागेच राहते आणि बाण सरळ जातो. कोंबडीवाल्याकडे पिसे फुकट मिळतात. रानपाखराचे पीस मिळवायला पाखरू मारू नये. पिसे नसतील तर जुन्या फाइलच्या प्लास्टिकचे तुकडे कापून लावावे.

टोकाला जुन्या बॉलपेनचे धातूचे निमुळते तोंड बसते का पाहा. बसले तर चिकटवा. टोक गोळीसारखे असावे, सुरीसारखे नसावे. घासलेला खिळा, पत्र्याचे पाते, सुई असले काही लावायचे नाही. शेवटी बाण एका बोटावर तोलून धरा. तो मध्याच्या थोडा पुढे तोलला पाहिजे. पुढचे टोक जड असले म्हणजे बाण डुलत नाही.

आता धनुष्य

धनुष्यासाठी जाड भिंतीचा, पक्का, सावलीत सुकलेला बांबू हवा. मांडववाल्याकडे किंवा बुरुडाकडे उरलेला चांगला तुकडा मिळतो. तो नीट पाहा. चीर आहे का? खिळ्याची भोके आहेत का? भुंग्याने पोखरले आहे का? यांपैकी काहीही दिसले तर तो तुकडा बागेच्या कुंपणाला द्या. उन्हापावसात वर्षभर उभा राहिलेला परातीचा बांबूही धनुष्याला नको.

बुरुडाकडून बांबू उभा चिरून घ्या. मुलाच्या धनुष्याला ४ ते साडेचार फूट लांबीची पट्टी घ्या. मोठ्या माणसाला साडेपाच फूट लागते. पट्टी मध्यभागी दीड इंच रुंद ठेवा आणि टोकांकडे अर्ध्या इंचापर्यंत निमुळती करा. जे काही तासायचे ते कडांनी आणि आतल्या बाजूने. साल तशीच ठेवा. कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. दोन्ही टोकांना दोरी अडकेल अशा खाचा करा, पण त्यांच्या कडा गोल असू द्या. धारदार खाच दोरी कापते.

मग दोरी लावून हलके हलके वाकवा. दोन्ही बाहू सारखे वाकतात का ते लांबून पाहा. जो बाहू ताठ राहील तो आतून थोडा तासा. पुन्हा वाकवा, पुन्हा पाहा. इथे घाई करू नये. ‘कट’ असा आवाज आला तर धनुष्य बाद समजावे. मुठीच्या जागी जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, म्हणजे हात घसरत नाही.

दोरीच्या बाबतीत आमच्याशी नेहमी वाद होतो. कोळीवाड्यातले एक गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, घरात जाळ्याचा नायलॉनचा दोर पडलाय. नवा दोरा कशाला आणायचा?”

आम्ही म्हटलं, “दादा, तो दोर किती वर्षं खाऱ्या पाण्यात नि उन्हात होता?”

“असेल पाच-सहा वर्षं.”

“मग तो आतून किती झिजलाय ते तुम्हालाही सांगता येणार नाही. शिवाय नायलॉन ताणला की लांबतो. जाळ्याला ते बरं, मासा हिसके देतो तेव्हा दोर तुटत नाही. पण धनुष्याची दोरी लांबली तर बाणाला मिळायचा जोर दोरीतच जातो. आणि दोरी मधेच तुटली तर धनुष्य तोंडावर येईल. वाचवायचे पैसे दुसरीकडे वाचवा.”

ते हसले आणि म्हणाले, “पटलं, गुरुजी. दोऱ्याला किती पैसे लागतात?”

खरोखर फार लागत नाहीत. चपला-बॅगा शिवायचा पॉलिस्टरचा मजबूत दोरा नवा आणावा. त्याचे दहा-बारा पदर एकत्र पिळून मेण चोळावे. धनुष्य ज्या वजनाचे, त्याच्या निदान चौपट वजन दोरीने पेलले पाहिजे. एका टोकाला पक्का फास ठेवा, दुसऱ्या टोकाला सोडता येणारी गाठ मारा. दोरी चढवल्यावर मूठ आणि वर ताठ अंगठा, म्हणजे सुमारे सहा इंच, एवढे अंतर दोरी नि मुठीच्या जागेत राहावे. सराव झाला की दोरी उतरवून ठेवा. सदा वाकलेला बांबू ताकद गमावतो.

वजन बाटल्यांनी मोजा

धनुष्य किती किलोचे झाले, हे दुकानाच्या काट्याशिवाय मोजता येते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. लिटरच्या रिकाम्या बाटल्या पाण्याने भरा. धनुष्य मुठीच्या जागी भक्कम खुंटीवर टांगा, दोरी खाली येऊ द्या. दोरीच्या मध्यावर कापडी पिशवी अडकवा. पिशवीत एकेक बाटली हळूच ठेवा. तुम्ही जितके ओढणार, तितकी दोरी खाली आली की थांबा. मुलासाठी ही ओढ सुमारे २० इंच धरा. सहा बाटल्या लागल्या असतील तर धनुष्य सहा किलोचे. मोजताना बाजूला उभे राहा.

बारा वर्षांच्या आसपासच्या मुलाला पाच-सहा किलो पुरे. नव्या शिकणाऱ्या मोठ्या माणसाला आठ-नऊ किलो. जास्त वजनाचे धनुष्य ओढले म्हणजे मर्दुमकी झाली असे नाही. हात थरथरला की निशाण गेलेच, खांदाही दुखावतो.

पांढरी नळी का नको?

पाण्याची किंवा विजेच्या तारांची प्लास्टिकची नळी सहज मिळते, छान वाकते. म्हणून मोह होतो. पण उन्हात पडलेली नळी ठिसूळ झालेली असते आणि वरून ते दिसत नाही. ताणलेली असताना ती फुटली की तुकडे चेहऱ्याकडे उडतात. ती तापवून चपटी करू गेले तर घसा-डोळ्यांना झोंबणारा विषारी धूर निघतो. म्हणून नळीचे धनुष्य करू नये.

मग नळी फेकायची का? नाही. तिचा भाता करा. मोठ्या नळीचा दीड हात तुकडा घ्या, बूड बंद करा, जुन्या पिशवीचा पट्टा लावा. झाला भाता. ज्याला ताण सोसायचा आहे ते सामान चांगले घ्यावे. ज्याला नुसते धरायचे किंवा अडवायचे आहे ते टाकाऊ चालते. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवा.

तसेच जुन्या चपलेचे मऊ चामडे कापून बोटांखाली धरा. दोरी बोटे सोलत नाही. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला जाड कापड गुंडाळा. त्यात प्लास्टिकच्या बाटलीचा कापलेला तुकडा घाला. दोरीचा फटका त्यावर बसतो, कातडीवर नाही.

मैदानावरचे नियम

१. जमिनीवर एक रेघ ओढा. बाण मारणारे सगळे त्याच रेघेवर उभे राहतील. रेघेपुढे कुणी नाही.

२. मोठे माणूस शिटी वाजवील तेव्हाच बाण दोरीला लावायचा.

३. सगळ्यांचे बाण संपले, धनुष्ये खाली ठेवली, मग दुसरी शिटी. तेव्हा सगळ्यांनी मिळून बाण आणायचे.

४. प्रत्येक फेरीआधी प्रत्येक बाण हलका वाकवून पाहायचा. चीर किंवा आवाज असला तर तो बाण मोडून टाकायचा.

५. आभाळात बाण सोडायचा नाही. तो कुठे पडेल, ते कुणालाच सांगता येत नाही.

६. पाखरू, कुत्रे, मांजर यांच्यावर नेम धरायचा नाही. आपल्याजवळ कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य आहे. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा १९७२ सालापासून आहे. शिकार हा गुन्हा आहे.

एवढे करूनही कुणाच्या डोळ्याला इजा झाली तर काय करावे? डोळा चोळू नये. दाबू नये. काही रुतले असेल तर ते उपटू नये. कागदाचा पेला डोळ्यावर अलगद झाकावा, तो डोळ्याला टेकू देऊ नये, आणि लगेच इस्पितळात न्यावे. घरगुती औषध घालण्यात वेळ घालवू नये.

एक वही ठेवा

आमची शेवटची सूचना. सामानात एक वही आणि पेन्सिल असू द्या. शाळेतल्या जुन्या वहीची कोरी पाने शिवून ती करता येते. रोज तारीख लिहा. किती बाण मारले ते लिहा. किती निशाणावर लागले ते लिहा. तीस बाणांत सहा लागले असतील तर सहा लिहा. कमी म्हणून लपवू नका, जास्त म्हणून वाढवू नका. महिन्याने पाने उलटून पाहिली की हात कुठे सुधारला, कुठे अडला ते कळते.

हे लिहिण्याचे काम तुम्ही, आईबापांनी, करा. मूल बाण मारील, तुम्ही आकडे मांडाल. तुम्ही आता लिहा-वाचायला शिकला आहात. ती विद्याही सरावाने पक्की होते, अगदी तिरंदाजीसारखी. आणि रेघेजवळ मोठे माणूस वही घेऊन बसले असेल, तर रेघेपुढे कुणी जाणारही नाही.

सांगा पाहू

१. बांबूची साल कोणत्या बाजूला ठेवावी? का?

२. टायरचे निशाण का करू नये?

३. पिशवीत सात बाटल्या लागल्या, तर धनुष्य किती किलोचे? ते बारा वर्षांच्या मुलाला द्याल का?

४. तुमच्या घरात कोणते टाकाऊ सामान आहे? त्यातले काय भात्याला चालेल, काय धनुष्याला चालणार नाही, ते वहीत लिहा.